हात धुण्याचा इतिहास: साबणाआधी पाण्याचा प्रश्न

१/ रत्नागिरी शहरालगतचे मिरजोळे आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तिथे मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत पहिला नियम हाच, की साबणाने हात धुतल्यावाचून मासळीला स्पर्श करायचा नाही. हा साधा नियम वैद्यकालाही फार उशिरा उमगला. कोकणात तर त्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा हक्कच अनेकांना झगडून मिळवावा लागला.

२/ व्हिएन्ना, १८४७. तिथल्या प्रसूतिगृहात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. एप्रिलमध्ये त्या विभागात १८ टक्क्यांहून अधिक माता दगावल्या. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि जूनमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही आपल्याच हातांनी मृत्यू वाहून नेला जातो, हे अनेक नामवंत वैद्यांनी मानले नाही. १८६५ मध्ये सेमेलवाइस यांचा मनोरुग्णालयात अंत झाला.

३/ यामागचे कारण पुढे जंतुशास्त्राने उलगडले. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलकटपणाला चिकटते, दुसरे पाण्याला. त्यामुळे तेलकट मळ आणि त्यातले जंतू त्वचेपासून सुटतात व पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखांखालची जागा किमान २० सेकंद चोळावी लागते. नुसते बोटांवर पाणी घेऊन भागत नाही.

४/ यावर हमखास म्हटले जाते, ‘आपल्याकडे हे पूर्वापार होतेच.’ बाहेरून आल्यावर हातपाय धुऊन घरात शिरण्याची कोकणातली रीत खरोखरच चांगली आहे. पण सोवळे म्हणजे स्वच्छता नव्हे. सोवळे कोणाचा स्पर्श झाला हे पाहते. स्वच्छता हाताला काय लागले आहे हे पाहते.

५/ पुरावा महाडचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी घेताच तळे ‘बाटले’. मग शेण, गोमूत्र, दूध आणि दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. जंतूंच्या हिशेबाने यात पाणी घाण कोणी केले, हे सांगायला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.

६/ १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनाच ‘अस्वच्छ’ ठरवणारा समाज स्वतःच्याच अपराधाचे खापर त्यांच्या माथी फोडत होता.

७/ ही चूक पुरती सरलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते आणि वैशाखात कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. दूरवरून आणलेल्या हंड्यातले पाणी आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला. हातांची पाळी शेवटची. अशा वाडीत ‘हात धुवा’ असा फलक लावणे म्हणजे अर्धेच काम.

८/ म्हणून हात धुण्याच्या इतिहासात सेमेलवाइस यांच्या शेजारी चवदार तळ्यालाही जागा हवी. व्हिएन्नाने हात का धुवायचे हे शिकवले. हात धुवायला पाणी कोणाला मिळते, हा प्रश्न महाडने विचारला. आरोग्याचा कोणताही उपदेश करण्यापूर्वी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.