राजापूर गेलं कुठे?

गणपतीत गावी गेलं की एक डायलॉग हमखास कानावर पडतो. "काय आपला राजापूर मतदारसंघ होता! बॅरिस्टर नाथ पै, मग प्रा. मधु दंडवते. आणि आता बघा.." बोलणारे काका बहुतेक ठाण्याहून आलेले असतात आणि मतदानही ठाण्यातच करतात. मीही त्यातलाच, पुणेकर. पण हे रडगाणं आता डोक्यात जातं.

एक तर ते अर्धंच खरं आहे. नाथ पै १९५७, ६२ आणि ६७ ला निवडून आले, दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा. अगदी १९८४ च्या लाटेतसुद्धा! मान्य. पण दंडवते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहिलं आणि १९९१ ला याच मतदारांनी त्यांना घरी बसवलं. तेव्हा 'पूर्वीचा मतदार म्हणजे देवमाणूस' वगैरे राहू द्या.

मुद्दा वेगळाच आहे. राजापूर मतदारसंघ आता नाहीच. २००८ च्या पुनर्रचनेआधी रायगडपासून खाली कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर असे तीन खासदार होते. नंतर रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग, बस्स दोन. दापोली-गुहागरवाले अलिबाग-पेणबरोबर रायगडात गेले आणि चिपळूणपासून दोडामार्गापर्यंत एकच माणूस. त्याच वेळी ठाणे जिल्ह्यात डहाणू आणि ठाणे या दोन मतदारसंघांचे पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार झाले.

ही चोरी नव्हे. लोकसंख्येप्रमाणे जागा, हे लॉजिक बरोबरच आहे. पण इनपुट कोण आहे? आपण! रत्नागिरी जिल्हा २००१ मध्ये साधारण १६.९७ लाखांचा होता, २०११ मध्ये १६.१५ लाखांचा. सिंधुदुर्ग ८.६९ वरून ८.५० लाखांवर आला. चाकरमानी डोंबिवलीत मोजला गेला, त्याचं घर आणि म्हातारी आई गावात राहिली. म्हणजे आपण नुसती पोरं नाही, खासदारही बरोबर घेऊन आलो.

बरं, नाव गावी नोंदवू म्हणाल तर कायदा म्हणतो, नुसतं घर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि ते योग्यच आहे. नाणार असो, बारसू असो, परिणाम भोगायचे ते तिथे बारा महिने राहणाऱ्याने. त्याच्याऐवजी आपण फेसबुकवर मत ठोकून देतो (दोन्ही बाजूंनी, तेवढ्याच जोरात).

मग करायचं काय? पुनर्रचनेच्या कायद्यातच भौगोलिक रचना, दळणवळण आणि लोकांची सोय बघा असं लिहिलंय. खाड्या, घाट आणि पावसाळ्यात खचणारे रस्ते यांना त्या हिशोबात खरंखुरं वजन द्या, ही मागणी आत्ता करायला हवी. २००१ च्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत थांबवून ठेवली होती. पुढचा हिशोब नुसत्या डोक्यांवर झाला, तर कोकणाचा वाटा अजून आक्रसणार. तेव्हा नाथ पैंच्या आठवणी काढून काही उपयोग नाही.

असो. पुढच्या गणपतीत तो डायलॉग ऐकला की एवढंच विचारणार आहे: काका, जनगणनेत तुम्ही कुठे मोजले जाता?