ओर्गान्याची प्रवचने आणि आद्यत्वाचा मोह

कातालान भाषेतील आरंभकालीन धार्मिक गद्याचा विचार करताना ‘ओर्गान्याची प्रवचने’ या संहितेला पहिल्या साहित्यकृतीचा मान देण्याची प्रथा रूढ झाली आहे. हा मान गौरवाचा खरा. परंतु त्यामुळेच या संहितेचे यथार्थ मूल्यमापन अवघड झाले आहे.

पिरेनीज पर्वतराजीतील ओर्गान्या गावच्या धर्मगुरूंच्या निवासात १९०४ साली जुआकिम मिरेत इ सान्स यांना हे हस्तलिखित आढळले. चर्मपत्राची अवघी आठ पत्रे आणि त्यांवर सहा प्रवचने, एवढाच त्याचा विस्तार. लेखनकाळ बाराव्या शतकाची अखेर वा तेराव्याचा प्रारंभ मानला जातो. आज ते बार्सेलोना येथील कातालोनियाच्या ग्रंथालयात आहे.

आद्यत्वाच्या कसोटीवर ही संहिता टिकत नाही. गितार्द इसार्न या सरंजामदाराची अकराव्या शतकाच्या अखेरची तक्रारनोंद आणि व्हिसिगॉथ विधिसंहितेच्या बाराव्या शतकातील अनुवादाचे अवशेष हे तिच्याहून जुने आहेत. ‘ते व्यवहारातील लेखन, हे साहित्य’ असा भेद यावर पुढे केला जातो. परंतु प्रवचनकारालाही साहित्य कोठे निर्माण करावयाचे होते? शिवाय यांतील काही मजकूर तोर्तोसा येथील प्रोव्हान्साल प्रवचनांशी जुळत असल्याने स्वतंत्र निर्मितीचा दावाही दुबळा ठरतो.

मग या संहितेचे महत्त्व कशात? ८१३ च्या तूर येथील धर्मपरिषदेने प्रवचने लोकांना कळतील अशा बोलीत सांगावीत, असा आदेश दिला होता. ओर्गान्याच्या पत्रांत तीच गरज गद्याला आकार देताना दिसते. आधी लॅटिन वचन, मग त्याचा लोकभाषेतील अर्थ आणि त्यातून श्रोत्याला बोध, असा त्यांचा क्रम आहे. दृष्टान्त उलगडणे, कार्यकारणभाव मांडणे, श्रोत्याला थेट आवाहन करणे ही कामे येथे लोकभाषा लॅटिनचे बोट धरून शिकते आहे. ज्या परभृततेला उणेपण मानले जाते, तीच या गद्याची पाठशाळा होय.

रामोन युल (सु. १२३२–१३१६) यांचा ३६६ अध्यायांचा ‘ईश्वरचिंतनाचा ग्रंथ’ सु. १२७४ मध्ये सिद्ध झाला. युल यांच्यापासून कातालान गद्य एकाएकी प्रौढ झाले, असे मानण्याकडे इतिहासकारांचा कल असतो. युल यांनी ही प्रवचने पाहिली होती असे म्हणण्यास आधार नाही, आणि तशी गरजही नाही. व्यासपीठावरून नित्य होणाऱ्या विवरणाने भाषेला धर्मविचार पेलण्याचा सराव दिला होता, एवढे मान्य केले तरी पुरे.

‘पहिला ग्रंथ कोणता?’ या प्रश्नाने वाङ्मयेतिहासाला आरंभबिंदू मिळतो, पण प्रक्रिया हरवते. ओर्गान्याच्या अनामिक प्रवचनकाराला न्याय द्यावयाचा असेल, तर त्याला आद्य साहित्यिकाच्या आसनावरून उतरवून त्याच्या श्रोत्यांसमोर उभे केले पाहिजे.