एका मुलामागे एक खोकं

शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि वरून जीवनसत्त्वं व खनिजं. हे सगळं एकत्र वाटून केलेली मऊ पेस्ट ९२ ग्रॅमच्या पाकिटात भरतात. एका पाकिटातून ५०० कॅलरी मिळतात. आई पाकिटाचा कोपरा फाडते आणि मूल ते चोखून खातं. पाणी घालायचं नाही, चूल पेटवायची नाही, फ्रिजचीही गरज नाही. आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने १९९०च्या दशकात ही पेस्ट घडवली. त्याआधी अतिकुपोषित मुलाला औषधी दूध द्यायचं तर दवाखान्यातच ठेवावं लागे, कारण घरी ते गढूळ पाण्यात कालवलं जाण्याची भीती असे. दवाखान्यात खाटा मोजक्या आणि घरी बाकीची लेकरं वाट पाहत असायची. आता आई पाकिटं घेऊन घरी जाते आणि ठरल्या दिवशी मुलाला वजनाला घेऊन येते. एका खोक्यात १५० पाकिटं असतात. एक मूल बरं व्हायला साधारण एक खोकं लागतं.

अशीच खोकी २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गोदामांत अडकून पडली. २० जानेवारीला डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवस रोखण्याचा आदेश काढला. चार दिवसांत चालू कामं थांबवायची पत्रं निघाली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी परदेशी मदत पोहोचवणाऱ्या ‘यूएसएड’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या ८३ टक्के योजना रद्द झाल्याचं जाहीर केलं. १९६१ साली अध्यक्ष केनेडींच्या काळात उभी राहिलेली ही संस्था १ जुलैला बंदही झाली. सुदानमध्ये युद्धातून वाचलेल्या तरुणांनी गल्लीबोळांत चालवलेल्या अन्नछत्रांपैकी अकराशेहून अधिक अन्नछत्रांच्या चुली पैशाअभावी विझल्या. पुण्यात आणि कल्याणमध्ये तृतीयपंथीयांसाठी चालणारी ‘मित्र क्लिनिक’ही याच अमेरिकी पैशावर होती. सन्मानाने तपासणी होईल अशी त्यांची हक्काची जागा गेली.

दुबईच्या गोदामातली गोष्ट तर कुणाच्याही जिव्हारी लागावी. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या मुलांसाठी घेतलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं तिथे पडून होती. किंमत सुमारे ८ लाख डॉलर. १५ लाख मुलांना ती आठवडाभर पुरली असती. वाटपाची परवानगी मिळेना, दरम्यान मुदत संपत आली आणि जुलैत ती नष्ट करायचं ठरलं. या विल्हेवाटीसाठी आणखी १ लाख ३० हजार डॉलरची तजवीज झाली. मदत द्यायची की नाही हा त्या-त्या सरकारचा अधिकार आहे. पण पैसे मोजून घेतलेलं अन्न भुकेल्या मुलांपर्यंत न नेता सडू देणं याला धोरण म्हणता येणार नाही.

मदतीच्या व्यवस्थेत दोष नव्हते असं नाही. अमेरिकी अन्नमदतीचा मोठा भाग अमेरिकेच्याच शेतकऱ्यांकडून घ्यायचा, त्यातला निम्मा अमेरिकेच्याच झेंड्याखालच्या जहाजांतून न्यायचा, असे नियम वर्षानुवर्षं होते. यूएसएडच्या पैशातला जेमतेम दहावा हिस्सा थेट स्थानिक संस्थांच्या हाती पडे. झांबियाच्या अर्थतज्ज्ञ डॅम्बिसा मोयो यांनी २००९ सालीच लिहून ठेवलं होतं, की या पैशामुळे आफ्रिकी सरकारं आपल्या जनतेला जबाब देईनाशी होतात. आफ्रिकी नेत्यांनी २००१ साली नायजेरियातल्या अबुजात अर्थसंकल्पाचा १५ टक्के हिस्सा आरोग्यावर खर्च करण्याचा शब्द दिला होता. बहुतेकांनी तो पाळला नाही.

टीका खरी आहे. मुद्दा आहे तो परावलंबन सोडवायचं कसं याचा. बाळाचं अंगावरचं तोडतानाही आई आधी वरणाचं पाणी, मऊ भात सुरू करते.

याचा अनुभव भारताच्या गाठीशी आहे. १९५६पासून पीएल-४८० या अन्नमदतीच्या कराराखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे येऊ लागला. त्याच गव्हाबरोबर गाजर गवताचं बी आलं असं मानलं जातं आणि आपल्याकडे या गवताची पहिली नोंद पुण्यात झाली. शेताच्या बांधावर ते आजही हटत नाही. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. नेमक्या त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन धान्य महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडू लागले. इंदिरा गांधींच्या सरकारने व्हिएतनाम युद्धावर केलेली टीका त्यांना झोंबत होती. बंदराला जहाज लागलं तर रेशनच्या दुकानात गहू, अशी देशाची स्थिती होती. हा अपमान दिल्ली विसरली नाही.

पण त्याच काळात मदतीचा दुसरा प्रवाहही वाहत होता. इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पंतनगरचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाचं १८ हजार टन बियाणं मेक्सिकोतून आलं. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी राजकीय विरोध अंगावर घेतला, शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी ते वाण इथल्या मातीत रुजवलं. १९६५-६६ मध्ये गव्हाचं उत्पादन सुमारे १ कोटी टन होतं, ते १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टनांवर गेलं. १९७१ अखेर भारताने पीएल-४८०चं धान्य घेणं थांबवलं. ज्याने घेतलं त्यानेच थांबवलं आणि तेही कोठारं भरल्यावर. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. रेशनची मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून गावोगावी आहेत. पण त्या दुष्काळाने वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला बळ दिलं आणि पुढे तिचा कायदा झाला. आपल्या पायावर उभं राहणं याला म्हणतात, आणि त्याला वर्षं लागतात.

२०२५ साली आफ्रिकेला ही वर्षं मिळाली नाहीत. नायजेरियाच्या संसदेने घाईघाईने आरोग्यासाठी २० कोटी डॉलर वाढवले, घानाचे अध्यक्ष महामा यांनी ऑगस्टमध्ये अक्रात आरोग्य-स्वावलंबनाची परिषद भरवली. दोन्ही पावलं योग्य दिशेची आहेत. पण एचआयव्हीची गोळी रोज घ्यावी लागते, ती परिषदेच्या ठरावाची वाट पाहत नाही. त्यात ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं ठरवलं. त्यावरून विकासमंत्री अ‍ॅनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला. अमेरिकी मदत थांबल्याने २०३०पर्यंत १ कोटी ४० लाख जास्तीचे मृत्यू होऊ शकतात, त्यांत ४५ लाख पाच वर्षांखालची मुलं असतील, असा ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. अंदाज चुकू शकतो. तो निम्मा चुकला तरी सत्तर लाख जीव उरतात.

इथे भारताने बघ्याची भूमिका घेऊ नये. २००१ साली एचआयव्हीच्या पेटंटच्या औषधांना रुग्णामागे वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक पडत. तेव्हा मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं ३५० डॉलरला देऊ केली आणि जगातला भाव कोसळला. २००३ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष धाकटे बुश यांनी एचआयव्हीविरुद्ध ‘पेपफार’ योजना सुरू केली. अडीच कोटी जीव तिने वाचवले असं अमेरिकी सरकारच सांगत आलं आहे. तिच्या पैशातून पुढे भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आफ्रिकेत गेल्या. आज तिथल्या एका रुग्णाची वर्षाची औषधं ५० डॉलरच्या आत येतात. वर्षातून दोनदा टोचून एचआयव्ही रोखणारं लेनाकापाविर हे इंजेक्शनही डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्या २०२७पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये देणार आहेत.

औषध आपल्याकडे आहे, कारखाने आपल्याकडे आहेत, तज्ज्ञ आहेत. दात्याच्या मर्जीवर जगणं काय असतं हेही आपण भोगलेलं आहे. जी-२०मध्ये आफ्रिकी संघाला कायमची जागा मिळाली ती २०२३ साली दिल्लीच्या अध्यक्षपदाखाली, आणि ‘ग्लोबल साउथ’चा आवाज आपण असल्याचं दिल्ली सतत सांगत असते. तो आवाज आता अर्थसंकल्पातही उमटायला हवा. आफ्रिकी देशांना पाच-दहा वर्षांच्या खात्रीने औषधं आणि पोषण-आहार पुरवण्यासाठी, तिथेच ते तयार करण्याचे कारखाने उभे करण्यासाठी स्वतंत्र निधी ठेवायला हवा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र खात्याने भूतानच्या मदतीसाठी २,१५० कोटी रुपये ठेवले. सगळ्या आफ्रिकी देशांसाठी मिळून ठेवले २२५ कोटी.