समुपदेशक हवा, अतिरिक्त कार्यभार नको

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे. हा आदेश स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. चिंता आहे ती त्याची अंमलबजावणी कोणत्या वाटेने होईल याची.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि या दुःखद यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. परंतु आत्महत्या हे या प्रश्नाचे केवळ टोक होय. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार मुले. ही मुले गप्प होतात, चिडतात, अभ्यासात मागे पडतात; आणि आपण त्यांना आळशी वा हट्टी ठरवून मोकळे होतो.

आता आदेशाचे पुढे काय होते, याचा अंदाज बांधण्यास फार मोठी प्रतिभा लागत नाही. नवे पद मंजूर करायचे तर वेतनाचा प्रश्न उभा राहतो. अध्यापकांच्या जागादेखील जेथे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भागविल्या जातात, तेथे समुपदेशकाची काय कथा? मग एखाद्या ज्येष्ठ शिक्षकास दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन अतिरिक्त कार्यभार सोपविला जाईल, दारावर फलक लागेल आणि अहवाल वर जाईल. कागदोपत्री आदेश पाळला गेला, असे म्हणता येईल.

ही पळवाट निरुपयोगी असते, याचा पुरावा आपल्याच देशात उपलब्ध आहे. डॉ. विक्रम पटेल ज्या संस्थेच्या संस्थापकांपैकी आहेत, त्या गोव्यातील 'संगत'ने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमला. तो मानसशास्त्राचा तज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षित सामान्य व्यक्ती होती. काही शाळांत तेच काम तेथील शिक्षकाकडे दिले. काही शाळांत दोन्हीही नव्हते. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र माणूस असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांतील नैराश्य व परस्परांना होणारा जाच कमी झाला. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र, या दोन्हीही सोयी नसलेल्या शाळांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही.

यात शिक्षकाची निंदा नाही. निवडणूक, जनगणना आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून शिकविणाऱ्या माणसाजवळ निवांत ऐकण्यास वेळ कोठून यावा? शिवाय जो गुण देतो आणि पालकांकडे तक्रार करतो, त्याच्यापाशी विद्यार्थी मन कसे मोकळे करणार?

पैसा नाही, हे उत्तर नेहमीचेच आहे. समुपदेशकाचा खर्च संस्थेच्या ताळेबंदात आज दिसतो. त्याचा लाभ मात्र कुटुंबास व समाजास पुढील तीस-चाळीस वर्षे मिळतो. ज्याने खर्च करायचा त्याला लाभ मिळत नाही, अशी सेवा बाजारावर वा संस्थेच्या इच्छेवर सोडली तर ती अपुरीच राहते, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धांत आहे. म्हणूनच लसीकरणाचा भार सरकार उचलते. हाच न्याय येथेही लागू व्हावा.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांच्या टंचाईचा. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशात दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत; अपेक्षित प्रमाण तीन आहे. ही टंचाई खरी. पण प्रत्येक शाळेस मानसोपचारतज्ज्ञ लागतच नाही. समाजकार्याची पदवी घेतलेल्या तरुण-तरुणींना नीट प्रशिक्षण द्यावे, लहान शाळांसाठी केंद्रशाळेच्या पातळीवर एक पद निर्माण करावे आणि गंभीर रुग्ण जिल्हा रुग्णालयाकडे पाठविण्याची व्यवस्था करावी. १४४१६ या क्रमांकाची टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तिचा आधार अवश्य घ्यावा. पण मुलाला रोज पाहणाऱ्या माणसाची जागा ती घेऊ शकत नाही.

राज्य सरकारने अनुदानित शाळा-महाविद्यालयांच्या आकृतिबंधात हे पद स्पष्ट शब्दांत घालावे, त्यास पूर्ण वेतन द्यावे आणि त्याच्याकडे परीक्षेचे वा कार्यालयाचे काम सोपविण्यास मनाई करावी. येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद झाली, तरच न्यायालयाचा आदेश वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल. अन्यथा फलकांत आणखी एका फलकाची भर पडेल, इतकेच.