पावसात डोंगरवाटेवर जरूर धावा, पण घाबरायचे कशाला ते समजून घ्या

"पावसात धावू नका, ताप येईल." जून उजाडला की हा सल्ला घराघरांत सुरू होतो. काही डॉक्टरही तो देतात याचे मला वाईट वाटते. दुसरीकडे, धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमके उलटे चाललेले असते. कितीही पाऊस असो, रविवारचा सिंहगड चुकवायचा नाही! माझ्या मते दोघेही चुकतात. एकाला सगळ्याच पावसाची भीती वाटते, दुसऱ्याला कशाचीच वाटत नाही. खरा धोका कुठे आहे, हे दोघेही बघत नाहीत.

आधी तापाचे बघू. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. डेंग्यू आणि मलेरिया डासांमुळे, तर टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून. यातला एकही आजार नुसते अंग भिजल्याने होत नाही. मोकळ्या डोंगरावर तासभर भिजण्यापेक्षा खिडक्या बंद असलेल्या खोलीत खोकणाऱ्या माणसाशेजारी बसणे जास्त धोक्याचे आहे.

आणि चार महिने बंद ठेवण्याची किंमत काय? व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच दमसास कमी होऊ लागतो. मधुमेह असेल तर साखर वर सरकते. उलट डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळ्या उंचीवर, वेगळ्या कोनात पडते. घोट्याचे आणि मांडीचे स्नायू, शरीराचा तोल, सगळे कामाला लागते. पन्नाशीनंतर पडून हाड मोडू नये म्हणून हा तोलच उपयोगी येतो. उन्हाचा तापही नसतो. हिरव्या डोंगरात धावून आलेल्या माणसाचा चेहरा बघा, वेगळे सांगावे लागणार नाही.

आता ज्यांना खरोखर घाबरायला हवे, त्या गोष्टी.

थंडी. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठवणारा पाऊस, गारा आणि जोराचा वारा आला. २१ धावपटू मृत्युमुखी पडले. त्यात नामवंत धावपटूही होते. सह्याद्रीत इतकी थंडी नसते, हे खरे. पण धावताना अंग गरम असते. घोटा मुरगळून तुम्ही भिजलेल्या कपड्यांत, वाऱ्याच्या धारेवर दोन तास बसलात तर गणित बदलते. ओले अंग फार वेगाने उष्णता गमावते. हुडहुडी भरणे, जीभ जड होणे, बोटांनी साधी चेन लावता न येणे ही धोक्याची घंटा आहे. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा टी-शर्ट आणि वारा अडवणारे जाकीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

ओढा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली काही मिनिटांत वाढते. वेगाचे पाणी गुडघ्याच्या खाली असले तरी पाय उपटते. पाणी गढूळ झाले किंवा वाढू लागले की ओढा ओलांडायचा नाही. विजा कडाडत असतील तर धार आणि एकटे झाड सोडून खाली उतरायचे.

निसरडे. शेवाळलेल्या कातळावर उतरताना वेग हवा कशाला? मनगट आणि घोटा बहुधा उतारावरच मोडतो. तळाला खोल खाचा असलेले बूट घाला. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात. मधुमेहींनी पायाचे तळवे रोज तपासावेत. संवेदना कमी झाली असेल तर जखम कळतसुद्धा नाही.

साप. फुरसे आणि घोणस आपल्या डोंगरांत आहेत. चावल्यास आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो भाग हलवू न देता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

वेदनाशामक गोळी. धावण्याआधी "खबरदारी म्हणून" ती घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. दमट हवेत घाम वाळत नाही, पण शरीरातले पाणी जातच असते. त्यात ही गोळी मूत्रपिंडावर ताण टाकते. तहानेप्रमाणे प्या. उगीच लिटरच्या लिटर साधे पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते, तेही घातक असते. आणि अंगात ताप असताना धावू नका. त्या वेळी हृदयाच्या स्नायूला सूज असण्याची शक्यता असते.

शर्यती भरवणाऱ्यांना आणि ग्रुपच्या म्होरक्यांना एवढेच सांगणे आहे. अर्ध्या वाटेवरून परत फिरणाऱ्याची चेष्टा बंद करा. त्या चेष्टेच्या भीतीने माणसे पुढे जात राहतात आणि मग त्यांना उचलून आणावे लागते.

शेवटची गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर आणि गुरांच्या लघवीतले हे जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात असतात आणि खरचटलेल्या त्वचेतून आत शिरतात. लवकर ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होऊ शकतात. म्हणून पायाला जखम असेल तर ती बरी होईपर्यंत चिखलाच्या वाटा टाळा. चिखलातून धावल्यानंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर घरी गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना स्वतःहून सांगा, "मी चिखलातून धावलो होतो."