संघटना मोठी की सरकार?

काशीच्या पंचगंगा घाटावर पाच नद्यांचा संगम होतो, अशी श्रद्धा आहे. दिसते ती मात्र एकटी गंगा. यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा मनाने मानायच्या. घाटावरचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींचे, त्यामुळे मराठी माणसाला हे स्थान परके नाही. भारतीय जनता पक्षाच्या उत्तर प्रदेशातील अस्वस्थतेचा विचार करताना या न दिसणाऱ्या नद्या आठवतात.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तेथे पक्षाच्या जागा ६२ वरून ३३ वर आल्या. खुद्द वाराणसीत पंतप्रधानांचे मताधिक्य सुमारे पावणेपाच लाखांवरून दीड लाखावर घसरले. त्यानंतर जुलैमध्ये लखनौला प्रदेश कार्यकारिणी भरली. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी अतिआत्मविश्वास नडल्याचे सांगितले. उपमुख्यमंत्री केशव प्रसाद मौर्य यांनी त्याच व्यासपीठावरून संघटना सरकारपेक्षा मोठी असल्याचे बजावले. एकाने कार्यकर्त्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने सत्तेकडे. पराभवाचे निदान वेगळे असेल, तर उपचार एक कसा होणार?

पक्षाला हा प्रश्न नवा नाही. २००९ मध्ये लोकसभेत ११६ जागांवर आल्यावर, संसदेत कधी न बसलेल्या नितीन गडकरींना नागपूरहून आणून अध्यक्ष केले गेले. जसवंत सिंह २०१० मध्ये परतले, उमा भारती २०११ मध्ये. दिल्लीतील जाणकारांनी तेव्हा याची थट्टाच केली, आणि २०१२ च्या विधानसभा निवडणुकीत उत्तर प्रदेशात पक्षाला ५१ वरून ४७ जागांवर उतरावे लागले, हेही खरे. एकी झाली म्हणून मते लगेच मिळत नाहीत. मात्र दुखावलेल्याला परतीची वाट आहे, हा विश्वास त्या काळात पक्षात पुन्हा आला. २०१४ च्या यशाचे श्रेय वाटताना तो सहसा कोणी मोजत नाही.

नंतरचा काळ वेगळा. जुन्या काशीतील वाराणसी दक्षिण मतदारसंघातून श्यामदेव रायचौधरी १९८९ पासून सलग सात वेळा निवडून आले होते. ‘दादा’ हीच त्यांची ओळख. २०१७ मध्ये त्यांची उमेदवारी कापली गेली. नाराजी एवढी उसळली की प्रचारात पंतप्रधानांनी त्यांचा हात धरून विश्वनाथाच्या दर्शनाला सोबत नेले. जागा राखली गेली. पण उमेदवारी कापताना त्यांना विश्वासात घेतले असते, तर हात धरण्याची वेळ आली नसती. रायचौधरी यांचे २०२४ मध्ये निधन झाले. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, याच वाराणसीचे माजी खासदार मुरली मनोहर जोशी यांना उमेदवारी न मिळाल्याचे स्वतःच कानपूरच्या मतदारांना कळवावे लागले. नेतृत्वबदल कोणत्याही पक्षात अटळ असतो; तो कळवण्याची रीत मात्र निवडता येते.

नोव्हेंबर २०२४ च्या पोटनिवडणुकांत मित्रपक्षासह नऊपैकी सात जागा आल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये अयोध्येजवळची मिल्कीपूरही जिंकली. लखनौतील वाद त्यामुळे मागे पडला. तो सुटला, असे मात्र म्हणता येत नाही. मौर्य यांच्या विधानाला कार्यकारिणीत उत्तर मिळाले नव्हते. ते मिळण्याची जागा विधानसभेची उमेदवारी ही आहे: प्रभागातील कार्यकर्त्याला आधी विचारले जाते, की नाव त्याला वर्तमानपत्रातूनच कळते?