राखणदाराला जाब कोण विचारणार?

सरकारी कारभारात चूक कोणी केली, हे शोधून काढणे सहसा अवघड नसते. फाइलीवर शेरे असतात, शेऱ्यांखाली सह्या असतात आणि सह्यांखाली तारखाही असतात. अवघड असते ते त्या चुकीचे मोल चूक करणाऱ्याकडून वसूल करणे. गोव्याच्या खाणप्रकरणाइतके याचे ढळढळीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्यासंबंधीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. बेकायदा उत्खननाने झालेले नुकसान त्यात सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे सांगितले होते. त्याच महिन्यात खाणी थांबल्या. पुढे २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, येथील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे माल निघाला तो कायद्याच्या आधाराविना. हे काही अमावास्येच्या रात्री चोरून घडले नाही. डिचोली, सांगे, सावर्डेच्या रस्त्यांवरून ट्रकांच्या रांगा भर दिवसा जात होत्या आणि मांडवी-जुवारीतून बार्जी वाहत होत्या. सरकार त्या मालावर स्वामित्वधनही घेत होते. ज्यांनी अडवायचे, तेच पावत्या फाडीत होते!

एवढी चपराक बसल्यावर तरी प्रशासन शहाणे व्हावे, ही अपेक्षा गैर नव्हती. परंतु १२ जानेवारी २०१५ पर्यंतच्या अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांत ८८ खाणपट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण उरकण्यात आले. त्याच १२ जानेवारीला लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम निघाला, आणि नूतनीकरणाचे कित्येक आदेश नेमके त्याच दिवसाचे आहेत. ज्या कचेरीत गरिबाचा साधा दाखला महिनोन् महिने पडून राहतो, तेथे ही विलक्षण तत्परता कोठून आली, असे आम्ही विचारले तर रागावण्याचे कारण नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सर्व नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या.

मग शिक्षा झाली कोणाला? कर्ज काढून ट्रक घेतलेल्या तरुणाला, बार्जीवरच्या खलाशाला, रस्त्याकडेच्या चहावाल्याला. ज्याच्या भातशेतीत खाणीचा गाळ उतरला, त्या शेतकऱ्याला तर ती आधीच भोगावी लागली होती. सह्या करणाऱ्यांच्या पगारात मात्र एक पैचीही घट झाल्याचे ऐकिवात नाही.

अशा वेळीच उपयोगी पडावा म्हणून २०११ चा गोवा लोकायुक्त कायदा आला. पहिल्या लोकायुक्तांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि २०१६ उजाडेपर्यंत ते आसन रिकामेच राहिले. ८८ नूतनीकरणे झाली ती याच काळात. पुढे आलेले न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री, खाण सचिव आणि खाण संचालक यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवावा, अशी शिफारस केली. ही शिफारस म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे आम्ही जाणतो. दोष ठरविण्याचे काम न्यायालयाचे. पण प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊच द्यायचे नाही, हा कोणता न्याय? त्याच वर्षी निवृत्त होताना न्यायमूर्तींनी आपल्या २१ अहवालांवर सरकारने कार्यवाही केली नसल्याची खंत बोलून दाखविली आणि असे असेल तर ही संस्थाच बंद करावी, असे उद्वेगाने सांगितले. सरकारने यातून काय बोध घेतला? जानेवारी २०२१ मध्ये लोकायुक्तांचे बळ आणखी घटविणारी दुरुस्ती विधानसभेत संमत करून घेतली. राखणदार भुंकतो म्हणून त्याचे दात काढण्यातला हा प्रकार!

शेजारच्या कर्नाटकाकडे पाहावे. तेथील लोकायुक्तांच्या हाताशी स्वतःचे पोलीस होते. बळ्ळारीच्या खाणींवरील जुलै २०११ च्या अहवालानंतर मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे तेथेही ते अधिकार काढून घेण्यात आले, पण ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते परत मिळवून दिले.

कडक जबाबदारी लादली तर अधिकारी सहीच करणार नाहीत, असे काही जण म्हणतात. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु प्रामाणिक चूक आणि हेतुपुरस्सर केलेली मेहेरबानी यांतील फरक फाइलच सांगत असते. प्रामाणिक अधिकाऱ्याला अभय हवे ते वरिष्ठांच्या तोंडी हुकमापासून, कायद्यापासून नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. लोकायुक्तांची शिफारस फेटाळायची तर तिची लेखी कारणे ठरावीक मुदतीत विधानसभेपुढे ठेवावीत. त्यांना स्वतंत्र तपासयंत्रणा द्यावी. पद रिकामे ठेवण्यास कायद्यानेच मर्यादा घालावी. आणि गैरवर्तनाची भरपाई करदात्याच्या खिशातून न देता दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करावी. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच सांगून ठेवले आहे.

आमच्या खाजनांचे बांध एका दिवसात फुटत नाहीत. खेकड्याने पाडलेले भोक वेळीच बुजविले नाही, तर भरतीचे खारे पाणी सबंध गावाच्या शेतात शिरते. जुने गावकार हे ओळखून होते. म्हणून बांधाच्या राखणीत हयगय करणाऱ्याला ते जाब विचारीत. तेवढे शहाणपण पर्वरीच्या सचिवालयाने दाखवावे, यापेक्षा अधिक आमचे मागणे नाही.